बारीक बाईला शुगर कशी?

मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका मावशींनी पाय दाखवला. टाचेची जखम दोन महिने भरत नव्हती, तपासलं तर शुगर निघाली. सगळ्या म्हणाल्या, "अहो मावशी, तुम्ही तर काटकीसारख्या, तुम्हाला कशी?" आपण बारीक, म्हणून मावशींनीही तपासणी कधी केलीच नव्हती. या प्रश्नाचं उत्तर शोधताना आम्हाला चरबीचा इतिहास सापडला.

चरबी म्हणजे शरीराची कणगी. उरलं की भरायचं, उपासमारीत काढायचं. डॉक्टरही बरीच वर्षं एवढंच मानत. ती समजूत मोडली उंदरांनी. १९४९ साली अमेरिकेत, बार हार्बर गावच्या जॅक्सन प्रयोगशाळेत, एक जात निघाली. हे उंदीर सारखे खायचे, वजन इतरांच्या तिप्पट. पुढे तिथेच दुसरी लठ्ठ जात मिळाली, तिला मधुमेहही होता. डग्लस कोलमन यांनी या दुसऱ्या जातीचा उंदीर साध्या उंदराला शस्त्रक्रियेने जोडला, दोघांचं रक्त एकमेकांत जाईल असा. तर साध्या उंदराने खाणंच सोडलं आणि तो उपाशी मेला! लठ्ठ मात्र खातच राहिला. कोलमन यांनी ताडलं, की रक्तातून 'पोट भरलं' असा निरोप जातो. पहिल्या जातीला तो धाडता येत नाही, दुसरीला ऐकू येत नाही.

निरोप्या सापडायला १९९४ उजाडलं. न्यूयॉर्कच्या जेफ्री फ्रीडमन यांना तो मिळाला, आणि तो तयार होत होता चरबीतच. नाव ठेवलं लेप्टिन. आता लठ्ठपणावर औषध मिळालं, असं लोकांना वाटलं. पण बहुतेक लठ्ठ माणसांत लेप्टिन भरपूरच निघालं. सारख्या हाका मारल्या की पोर ऐकेनासं होतं ना, तसा मेंदू ऐकत नव्हता.

त्याच्या आदल्या वर्षी बॉस्टनला होतामिश्लिगिल आणि स्पिगेलमन यांना लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ नावाचा पदार्थ दिसला. शरीर तो जंतूंशी लढताना, सूज येते तेव्हा काढतं. इथे जंतू नाही, जखम नाही, तरी राखेखाली विस्तव धुमसावा तशी आतली सूज चालूच. इन्शुलिन ही रक्तातली साखर पेशीत नेणारी किल्ली. या सुजेने कुलूप गंजतं, किल्ली फिरत नाही. टीएनएफ अडवल्यावर उंदरांत ती पुन्हा बरी फिरू लागली. चरबीतून ॲडिपोनेक्टिन नावाचा एक चांगला निरोपही निघतो, तो किल्लीला मदत करतो. पण चरबी वाढली की नेमका तोच कमी होतो.

हे झालं लठ्ठांचं. मावशींच्या प्रश्नासाठी पुण्याला यावं लागतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेट या साप्ताहिकात आला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच. पण अंगातली चरबी मोजली, तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२!

याज्ञिकांच्या चमूने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास केला. शेतात राबणाऱ्या, अपुरं खाणाऱ्या आया. बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनला ३.५. आपल्या बाळांचे स्नायू बारीक, पोटातले अवयव लहान, पण कातडीखालची चरबी त्या मानाने राखलेली. म्हणजे दिसायला रोड आणि आतून चरबी, हे जन्मापासूनच. गरोदर सुनेच्या ताटात शेवटी उरेल ते वाढणाऱ्या घरांनी हे ऐकावं असं आम्हाला फार वाटतं.

मावशींची जखम आता खपली धरतेय. पुढच्या बैठकीला शिवणाची टेप आणायची ठरलीय. बाईची कंबर ८० सेंटीमीटरपुढे असेल तर वजन काहीही असो, सावध व्हायचं. आणि तिशी ओलांडलेल्या सगळ्याजणी, जाड असोत की बारीक, आशाताईंबरोबर उपकेंद्रात शुगर तपासायला जाणार आहेत. पहिलं नाव मावशींच्या सुनेने दिलं. तीही काटकीच आहे.