पॉलिप्रोपिलीन

पॉलिप्रोपिलीन : प्रोपिलीन वायूच्या बहुवारिकीकरणाने सिद्ध होणारे तापमृदू प्लॅस्टिक. कार्ल त्सीग्लर यांच्या उत्प्रेरकांचा आधार घेऊन जूल्यो नात्ता यांनी १९५४ मध्ये त्याचे सुव्यवस्थित रेणुरचनेचे स्फटिकी रूप मिळविले, व उभयतांना १९६३ चे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. हे पाण्याहून हलके असते. शिवाय ते सुमारे १६०° से. पर्यंत वितळत नसल्याने १२१° से. च्या वाफेने निर्जंतुक करता येते, आणि इंजेक्शनच्या पिचकाऱ्या, न विरघळणारे टाके व अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेत उदरभित्तीला आधार देणारी जाळी यांसाठी ते मान्यता पावले आहे.

छत्तीसगढमधील रायपूरच्या मुलखात मात्र त्याची खरी ओळख रुग्णालयात नव्हे, तर गोदामात होते. २०१२ पर्यंत रायपूर जिल्ह्यातच मोडणाऱ्या बलौदाबाजारच्या कारखान्यांतील सिमेंट पॉलिप्रोपिलीनच्या विणलेल्या पोत्यांतून रवाना होते, आणि सरकारी धानखरेदीच्या हंगामात तागाचा बारदाना अपुरा पडला, की प्लॅस्टिकच्या पोत्यांनाही परवानगी द्यावी लागते. शहरातील भनपुरी भागात सिपेट या प्लॅस्टिक-तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय संस्थेचे केंद्र आहे. प्रखर उन्हात पॉलिप्रोपिलीन ठिसूळ होते; म्हणून उघड्यावर राहणाऱ्या पोत्यांच्या कच्च्या मालात किरणरोधक द्रव्ये मिसळतात.