शाहच्या जनानखान्यातला हुक्का

डिसेंबर 1891. तेहरानच्या राजवाड्यात नासिरुद्दीन शाहच्या बेगमांनी हुक्के बाजूला सारले आणि नोकरांनी ते भरायचं सोडून दिलं. शाहचा फ्रेंच डॉक्टर फव्रिए तेव्हा दरबारात होता. तंबाखूचे सगळे व्यापारी दुकानं बंद करून बसले आहेत आणि शहरातच काय, खुद्द शाहच्या अंतःपुरातही कुणी धूर काढत नाही, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे. इराणात एक कथा अजून सांगतात. शाहने लाडक्या बेगमेला विचारलं, हुक्का हराम केला कुणी? ती म्हणाली, ज्यांनी मला तुमच्यासाठी हलाल केलं, त्यांनीच. कथा रचलेली असेलही, पण डॉक्टरची नोंद रचलेली नाही.

झालं होतं ते असं. युरोपच्या सफरी आणि दरबाराचा थाट यांत शाहची तिजोरी कायम रिकामी असे. ती भरायचा सोपा मार्ग म्हणजे परदेशी माणसाला देशातला एखादा धंदा मक्त्याने देऊन टाकणं. 1872 मध्ये बॅरन रॉयटरला रेल्वे, खाणी, जंगलं असं जवळजवळ सगळंच देऊन झालं होतं. इतका आरडाओरडा झाला की पुढच्याच वर्षी तो करार मोडावा लागला. शाह त्यातून काही शिकला नाही. मार्च 1890 मध्ये त्याने मेजर जेराल्ड टॅल्बट या इंग्रजाला इराणातल्या तंबाखूचा मक्ता 50 वर्षांसाठी लिहून दिला. पिकवणं, विकणं, निर्यात करणं, सगळंच त्याच्या हाती. मोबदला म्हणून शाहला वर्षाला 15 हजार पौंड आणि नफ्यातला चौथा हिस्सा मिळायचा होता. इस्तंबूलहून निघणाऱ्या ‘अख्तर’ या फारसी वृत्तपत्राने हिशेब मांडला, की तुर्कांना अशाच मक्त्यातून याच्या कितीतरी पट रक्कम मिळते. शाहने देश विकला तो विकला, वर स्वस्तात विकला.

पण तेहरानच्या दुकानदाराला पौंडांशी देणंघेणं नव्हतं. तंबाखू हा रोजचा माल. शिराझचा शेतकरी तो पिकवणार, इस्फहानचा व्यापारी साठवणार, गल्लीतला दुकानदार सुटा विकणार आणि बायका-पुरुष दोघंही घरोघरी ओढणार. रॉयटरची रेल्वे कुणी पाहिली नव्हती. आता मात्र स्वतःच्या शेतातला माल परक्या कंपनीला, तिच्या भावात विकायचा आणि तोच विकायला तिच्याकडून परवाना घ्यायचा, हे कळायला वर्तमानपत्र वाचायची गरज नव्हती. शिवाय कंपनीची गोरी माणसं गावोगाव दिसू लागली, तसे मुल्लाही बेचैन झाले.

1891 च्या वसंतात शिराझ पेटलं. तिथल्या प्रमुख धर्मगुरूला सरकारने हद्दपार केलं, तर तो थेट इराकमध्ये जाऊन पोचला. मग तबरीझ उठलं, मग इस्फहान. कंपनीला विकण्यापेक्षा इस्फहानच्या एका व्यापाऱ्याने आपल्या तंबाखूची पोतीच्या पोती जाळून टाकली, असं सांगतात. या शहरांना एकमेकांची खबर मिळत होती ती तारेने, आणि ती तार टाकलेली होती इंग्रजांनी. लंडनचा हुकूम हिंदुस्थानात लवकर पोचावा म्हणून 1860 च्या दशकात इराणातून जे खांब रोवले गेले, त्यांवरूनच आता इंग्रजी मक्त्याविरुद्धचे निरोप धावत होते.

शिया जगातले सर्वांत मोठे धर्मगुरू मिर्झा हसन शिराझी तेव्हा इराकमधल्या समर्रा गावी, म्हणजे शाहच्या हुकमतीबाहेर, राहत होते. डिसेंबरात त्यांच्या नावाने फतवा निघाला, की यापुढे तंबाखूचा कोणताही वापर म्हणजे बाराव्या इमामाशी युद्ध. तो खरा की कुणी तयार केलेला, यावर तेव्हाही कुजबुज झाली. शिराझींनी तो नाकारला नाही, एवढं पुरे होतं. फतव्याने दंगल करायला सांगितलं नव्हतं, कर बुडवायला सांगितलं नव्हतं. फक्त हुक्का ओढू नका. शिपायाने पकडावं तरी कुणाला? न ओढल्याबद्दल शिक्षा देणारा कायदा कुठल्याच राज्यात नसतो.

शाहने तोही प्रयत्न करून पाहिला. तेहरानचे धर्मगुरू मिर्झा हसन आश्तियानी यांना त्याने निरोप धाडला, की चारचौघांत हुक्का ओढा, नाहीतर शहर सोडा. आश्तियानींनी सामान बांधायला घेतलं. जानेवारी 1892 च्या सुरुवातीला बाजार बंद झाला, माणसं राजवाड्याकडे निघाली आणि त्यांत बायका पुढे होत्या. शिपायांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली. त्या महिन्यात मक्ता पूर्ण रद्द झाला. कंपनीला पाच लाख पौंड भरपाई द्यायची ठरली आणि ती द्यायला शाहने इंग्रजांच्याच इंपीरियल बँकेकडून कर्ज काढलं. इराणचं हे पहिलं परदेशी कर्ज.

इतिहासकार या प्रकरणाला इराणी राष्ट्रवादाचा आरंभ म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. शिराझी, तबरीझी, इस्फहानी अशी ओळख सांगणारी, फारसी आणि तुर्की अशा वेगवेगळ्या बोली बोलणारी माणसं पहिल्यांदाच एका वेळी एकच गोष्ट करत होती. तरी आरती ओवाळताना जरा हात आखडता घेतलेला बरा. मक्त्याला रशियाचाही विरोध होता, आणि तो काही इराणी शेतकऱ्याच्या प्रेमापोटी नव्हता. इस्फहानात चळवळीचे पुढारी असलेले आका नजफी मोठे जमीनदार होते, धान्य साठवून ठेवल्याचा आरोप त्यांच्यावर वारंवार झाला आणि बहाई लोकांच्या छळात त्यांचा हात होता. राष्ट्र म्हणजे कोण, या प्रश्नाचं त्यांचं उत्तर अगदी अरुंद होतं.

त्या उत्तराबाहेर राहिलेल्यांशी मुंबई-पुण्याचा जुना संबंध आहे. यझ्द आणि किरमानच्या झरतुष्ट्री गावकऱ्यांवर जिझिया कर होता, शिवाय कपड्यांपासून घोड्यावर बसण्यापर्यंत नाना बंधनं होती. 1854 मध्ये मुंबईच्या पारशांनी माणेकजी लिमजी हातरिया यांना तिथे पाठवलं. वर्षानुवर्षं अर्ज, भेटी आणि नजराणे चालले, तेव्हा कुठे 1882 मध्ये याच नासिरुद्दीन शाहने जिझिया उठवला. तरी गरिबी आणि जाच पुरता संपला नाही, माणसं मुंबईकडे येत राहिली. कोपऱ्यावरच्या इराण्याच्या हॉटेलात बन-मस्का खाणाऱ्या मराठी माणसाने त्या इतिहासाचा एक तुकडा रोज पाहिलेला आहे.

हुक्क्यानंतरची पाळी साखरेची. डिसेंबर 1905 मध्ये साखर महागली म्हणून तेहरानच्या गव्हर्नराने काही व्यापाऱ्यांच्या तळपायांवर छड्या मारवल्या. मार खाणाऱ्यांत एक म्हातारा, दानशूर म्हणून बाजाराला ठाऊक असलेला व्यापारीही होता. बाजाराने कुलपं लावली. मग जुन्या रिवाजाप्रमाणे व्यापारी आणि मुल्ला शहराबाहेरच्या शाह अब्दुल अझीमच्या दर्ग्यात जाऊन बसले.

या रिवाजाला ‘बस्त’ म्हणत. सरकारचा ससेमिरा मागे लागला की माणसाने ठरावीक जागी आसरा घ्यायचा, तिथून त्याला ओढून काढायचं नाही. दर्गे तर होतेच, पण शाहचे तबेले, एक मोठी तोफ आणि पुढे तारघरंसुद्धा बस्तीच्या जागा झाली, कारण तारेचं दुसरं टोक शाहच्या सिंहासनापाशी असतं असा लोकांचा समज. कर्जबुडवे, खुनी आणि अन्याय झालेले, सगळेच त्यात असत. शाहनेही हा नियम नेहमी पाळला असं नाही. 1891 च्या जानेवारीत शाहचे टीकाकार असलेले विचारवंत जमालुद्दीन अफगाणी यांना शाह अब्दुल अझीममधूनच शिपायांनी फरफटत बाहेर काढलं होतं. पाच वर्षांनी त्याच दर्ग्यात अफगाणींच्या एका अनुयायाने नासिरुद्दीन शाहला गोळी घातली.

1906 च्या उन्हाळ्यात बस्त बसली ती भलत्याच जागी, ब्रिटिश वकिलातीच्या बागेत. जुलैत काही व्यापारी आत गेले, आणि ऑगस्ट उजाडेपर्यंत तिथे बारा-चौदा हजार माणसं होती. प्रत्येक पेशाचा तंबू वेगळा. मोठाल्या तांब्याच्या हंड्यांत जेवण शिजायचं, खर्च धनिक व्यापारी सोसायचे. संध्याकाळी दारुल-फुनून या तेहरानच्या कॉलेजचे विद्यार्थी तंबूंतून राज्यघटना म्हणजे काय ते समजावून सांगायचे. आत येताना लोकांना न्यायालय हवं होतं, बाहेर पडताना संसद हवी होती. इराणच्या लोकशाहीचा वर्ग भरला तो असा, भाताच्या हंड्याशेजारी. बायकांना त्या बागेत जागा नव्हती. 5 ऑगस्ट 1906 ला नासिरुद्दीनचा मुलगा मुझफ्फरुद्दीन शाह याने संसदेच्या फर्मानावर सही केली. पहिल्या मजलिसमध्ये, म्हणजे संसदेत, तेहरानच्या 60 जागांपैकी 32 बाजारातल्या पेशांना मिळाल्या. झरतुष्ट्री समाजाच्या वतीने अर्बाब जमशीद हे सावकार निवडून गेले. बायकांना मत नव्हतं, ते मिळायला 1963 उजाडलं. पण मजलिसला काढायच्या असलेल्या राष्ट्रीय बँकेसाठी दागिने द्यायला त्यांना कुणी अडवलं नाही.

पुढे नव्या घराण्याच्या रझा शाह पहलवीने हे सगळं उलटं फिरवलं. आता राष्ट्र वरून खाली येणार होतं, आणि तेही कपड्यांच्या रूपात. आधी पुरुषांना ‘पहलवी टोपी’ सक्तीची झाली, 1935 मध्ये कडा असलेली युरोपीय हॅट आली. त्याच वर्षी पाश्चात्त्यांनी देशाला ‘पर्शिया’ नव्हे तर ‘इराण’ म्हणावं असं सरकारने कळवलं. हॅटविरुद्ध मशहदच्या गौहरशाद मशिदीत जमलेल्या लोकांवर जुलैत गोळीबार झाला. जानेवारी 1936 मध्ये चादर आणि बुरख्यावर बंदी आली. पोलीस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरची चादर ओढून काढू लागले. घरात न्हाणीघर नसलेल्या बायकांची तर पंचाईतच झाली, हमामात जायचं तरी कसं? कित्येकींनी घराबाहेर पडणंच सोडलं, काही गच्च्यागच्च्यांवरून हमाम गाठत. आधुनिकतेच्या या प्रकाराचं कौतुक करणाऱ्यांनी तो पोलिसाचा हात विसरू नये.

1978 मध्ये रझा शाहच्या मुलाविरुद्ध, म्हणजे तेव्हाच्या शाहविरुद्ध, निघालेल्या मोर्च्यांची तारीख ठरवली ती मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाने. 9 जानेवारीला कुममध्ये गोळीबारात माणसं मेली. त्यांचा चाळिसावा 18 फेब्रुवारीला आला, तर तबरीझमध्ये पुन्हा माणसं मेली. त्यांचा चाळिसावा मार्चअखेर यझ्दमध्ये पाळला गेला. मातमाला बंदी घालणारं सरकार शिया देशात टिकणार कसं? रात्री गच्च्यांवरून ‘अल्लाहु अकबर’च्या आरोळ्या उठत. कोण ओरडतंय ते अंधारात दिसत नसे. 2009 मध्ये निवडणुकीच्या निकालावरून लोक भडकले, तेव्हा हीच आरोळी त्याच गच्च्यांवरून इस्लामी सरकारविरुद्ध उठली.

शाह गेला आणि कपड्यांचा वाद राहिला, फक्त दिशा बदलली. मार्च 1979 मध्ये सरकारी कचेऱ्यांतल्या बायकांनी डोकं झाकावं असं क्रांतीचे नेते आयातुल्ला खोमेनी यांनी सांगितलं, आणि 8 मार्चला, महिला दिनी, हजारो बायका तेहरानच्या रस्त्यांवर आल्या. त्यांतल्या अनेकजणी काही महिन्यांपूर्वी शाहविरुद्धच्या मोर्च्यांत होत्या. डाव्या पक्षांनी त्यांना सांगितलं, आत्ता ही वेळ नाही. ही त्या पक्षांची मोठी चूक होती. 1983 पर्यंत हिजाब कायद्याने सक्तीचा झाला.

16 सप्टेंबर 2022 ला महसा, घरच्यांची जिना, अमिनी ही 22 वर्षांची कुर्द तरुणी नीतिपोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावली. तिच्या सक्कीझ गावातून उठलेली ‘जिन, जियान, आझादी’ ही कुर्दी घोषणा फारसीत ‘झन, झिंदगी, आझादी’ होऊन देशभर गेली. आका नजफींच्या अरुंद राष्ट्रात ज्यांना क्वचितच विचारलं गेलं असतं, त्या सीमेवरच्या सुन्नी कुर्दांच्या बोलीतली घोषणा या वेळी अख्ख्या इराणची झाली. 26 ऑक्टोबरला तिचा चाळिसावा होता. रस्ते अडवलेले असूनही हजारो लोक पायी तिच्या कबरीपर्यंत पोचले. डिसेंबरात तीन दिवस अनेक शहरांतल्या बाजारांनी दुकानं बंद ठेवली.

सरकारने त्या हिवाळ्यात माणसं फासावर दिली. आंदोलन मोडलं, पण त्यानंतर तेहरानमध्ये असंख्य बायका डोकं न झाकता भाजी आणायला, कामावर, बँकेत जाऊ लागल्या. त्यांना आवरण्यासाठी मजलिसने जबर दंडाचा नवा हिजाब कायदा मंजूर केला. डिसेंबर 2024 मध्ये तो लागू व्हायचा होता. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेने तो ऐन वेळी थांबवून ठेवला.