पुढ्यातली जागा

क्रिकेटात स्लिप, गली, पॉइंट, मिडऑन अशा पुष्कळ जागा असतात. त्यातली शॉर्ट लेग ही खेळणाऱ्याच्या अगदी पुढ्यातली. फिरकीचा चेंडू बॅटीला नाहीतर पॅडला लागून उडतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत झेल घ्यावा लागतो. जोरात हाणला तर चेंडू थेट अंगावर.

या जागेला मोल आणलं एकनाथ सोलकरांनी. त्यांचे वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्यावर मैदान राखायचे, घर तिथल्याच एका खोलीचं. ऑगस्ट १९७१ मध्ये ओव्हलवर चंद्रशेखरनं ३८ धावांत ६ गडी बाद केले, इंग्लंड १०१ मध्ये गुंडाळलं. ही चंद्रशेखरची कमाई सगळे सांगतात, आणि ती खरीच. पण चिवट अ‍ॅलन नॉट गेला तो व्यंकटराघवनच्या चेंडूवर. सोलकरांनी पुढं झेपावून जमिनीलगत झेल घेतला. डोक्यावर हेल्मेट नाही. वाडेकरांच्या संघानं तो सामना जिंकला, इंग्लंडात भारताचा पहिला कसोटी विजय.

तेव्हा परळीकडच्या काळ्या रानात जवारी निघाली की आम्ही पोरं खेळायचो. या इंग्रजी नावांचा पत्ता नव्हता. बांधावरचा, विहिरीकडचा, बाभळीखालचा, एवढंच. बाभळीखाली सावली, म्हणून ती जागा ज्याची बॅट त्याची. विहिरीकडं पोहता येणारा. पुढ्यात मात्र अनवाणी पायानं धसकटात उभं राहायचं ते सालगड्याच्या पोरानं. त्याला कुणी विचारायचं नाही. चेंडू तोंडावर बसला तर बाकीचे हसायचे. त्यानं झेल घेतला तरी नाव चेंडू टाकणाऱ्याचंच.

सोलकरांच्या झेलांची गोष्ट गावात पोचल्यावर बॅटवालाच पुढ्यात उभं राहायला भांडू लागला. सालगड्याच्या पोरानं जागा सोडली नाही. "इतके दिस म्याच हुबा हाय की हितं," एवढंच म्हणाला.

सोलकरांनी २७ कसोटींत ५३ झेल घेतले. पेपरवाले आधी धावा न् बळी छापतात, झेल कुठंतरी खाली. २००५ साली ते गेले. आता त्या जागेवर हेल्मेट घालून उभे राहतात. तरी बहुतेक संघांत तिथं धाडतात ते नव्या पोरालाच.