टक्क्यांची पारख

लातूर आणि नांदेड ही दोन नगरे आज परीक्षेतील टक्क्यांसाठी महाराष्ट्रभर ओळखली जातात. 'लातूर पॅटर्न' हे नाव गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सर्वतोमुखी झाले, आणि गुणपत्रिकेवरील एक आकडा पाहून मुलाची सारी योग्यता सांगून टाकण्याची सवय आपल्या मराठवाड्यातील घरोघरी शिरली. हीच सवय एका अगदी निराळ्या क्षेत्रात जाणत्या मंडळींसही कशी चकवून गेली, त्याचा अल्पसा इतिहास आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

संगणकाच्या पडद्यावर चित्रे उमटविणारे जे ग्राफिक्स कार्ड, त्याचे मर्म एका चिपमध्ये असते. सिलिकॉनच्या एकाच चकतीवर अशा अनेक चिपा एकदम घडविल्या जातात. परंतु एका भट्टीतील विटा जशा सर्व सारख्या भाजून निघत नाहीत, तशाच याही सारख्या उतरत नाहीत. म्हणून कारखानदार त्यांची प्रतवारी लावतो, आणि त्या प्रतीतील कमकुवत चिपसही झेपेल असाच वेग ठरवून देतो. सबळ चिपच्या अंगी त्याहून अधिक बळ शिल्लक राहते. ते वसूल करण्याच्या उद्योगास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. १९९८ साली इंटेलची ३०० मेगाहर्ट्झची सेलेरॉन ३००ए ही चिप हौशी लोकांनी ४५० मेगाहर्ट्झवर चालवून दाखविली, तेव्हापासून या छंदास विशेष बहर आला.

तथापि आपल्या वाट्यास आलेली चिप सबळ की दुर्बळ, हे कसे ओळखावे? २०१२ च्या सुमारास जीपीयू-झेड नामक छोट्याशा प्रणालीने काही कार्डांच्या चिपमध्ये नोंदलेली 'एसिक क्वालिटी' टक्क्यांत दाखविण्यास आरंभ केला. मग काय विचारता! जो तो आपला आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी ताडून पाहू लागला. ज्याचे टक्के अधिक तो भाग्यवान, असा समज पसरला.

वस्तुतः हा आकडा चिपच्या एकाच स्वभावाशी निगडित होता. ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून थोडी वीज झिरपते. जी चिप अधिक झिरपते, तिचे ट्रान्झिस्टर बहुधा चपळ असतात व कमी विद्युद्दाबावर काम करतात. तिचे टक्के अधिक. साध्या पंख्याच्या वाऱ्यावर ती पुष्कळदा पुढे जाते. परंतु दाब वाढविताच तिची गळती व उष्णता झपाट्याने वाढते. उलट कमी टक्क्यांची चिप प्रथमपासूनच अधिक दाब मागते; पण उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनने तिला थंड ठेवले, तर तो वाढता दाब ती अधिक सोसते आणि शर्यतीत पहिलीस मागे टाकू शकते. शिवाय उष्णतेबरोबर गळती वाढते. सबब नांदेडच्या वैशाखात, जेथे पंखा चाळीस अंशांहून तापलेली हवाच आत ओढतो, तेथे शीत देशातील अनुभव जसाच्या तसा लागू पडावयाचा नाही.

कारखानदारही एका आकड्यास बांधलेला नव्हता. एएमडीचे रेडिऑन एचडी ७९७० हे कार्ड जानेवारी २०१२ मध्ये ९२५ मेगाहर्ट्झ वेगाने विक्रीस आले. त्याच जातीच्या चिपवरील नवी आवृत्ती जूनमध्ये १००० मेगाहर्ट्झवर निघाली. मात्र तिला वीज अधिक लागे. पुढे चिपा स्वतःच उष्णता व वीज पाहून क्षणोक्षणी आपला वेग ठरवू लागल्या, आणि त्या टक्क्यांचा दरारा ओसरला.

तो आकडा खोटा होता, असे आमचे म्हणणे नाही. कोणत्या परिस्थितीत कोणते काम घ्यावयाचे, हे ठरविल्यावाचून त्याचा अर्थ लागत नव्हता, एवढेच. जूनमध्ये मुलाची गुणपत्रिका हाती घेणाऱ्या आईबापांनीही निदान एवढे विचारावे, की हे टक्के नेमके कशाचे आहेत, आणि ज्या वाटेवर आपण त्याला लोटीत आहोत तेथे ते उपयोगी पडणार आहेत काय?