वाट, पाणी आणि हुन्नर

रस्ता आला की भरभराट येते, असा समज सर्वत्र रूढ आहे. आपल्या बऱ्हाणपूरचा चार शतकांचा अनुभव मात्र असे सांगतो की, रस्ता माल नेतो व आणतो. गावात काय उरेल, हे गावातील इतर सोयींवर अवलंबून असते.

1601 मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि फारुकींची ही राजधानी मोगलांचे दक्षिणेतील मुख्य ठाणे बनली. सुरतेहून आग्र्यास जाणारा हमरस्ता येथून जाई. 1615 मध्ये इंग्रज वकील टॉमस रो याने येथेच शाहजादा परवेझची भेट घेऊन वखारीची परवानगी मागितली. सतराव्या शतकाच्या मध्यास आलेल्या ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने येथील तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंड आणि कैरोपर्यंत जाते, अशी नोंद केली आहे.

परंतु केवळ रस्त्यावर वसलेली गावे पुष्कळ होती. बऱ्हाणपुराजवळ आणखी दोन गोष्टी होत्या. पहिली पाण्याची. 1615 च्या सुमारास सुभेदार अब्दुल रहीम खानखानान याच्या काळात, सातपुड्याच्या उतारावरून तापीकडे झिरपणारे भूजल अडवून भूमिगत बोगद्यांतून शहरात आणले गेले. उजेड, हवा आणि साफसफाई यांसाठी बोगद्यावर ओळीने शंभराच्या वर कुंड्या खोदल्या. उताराच्या जोरावरच वाहणारी ही इराणी पद्धतीची योजना फौजेसाठी आणि वस्तीसाठी होती. पण धुणे व रंगविणे ज्यावाचून अडते, त्या कापडाच्या धंद्यालाही असे बारमाही पाणी मोलाचेच होते.

दुसरी गोष्ट विश्वासाची. चांदीच्या कांबीवर सोन्याचा वर्ख चढवून, ती उत्तरोत्तर बारीक छिद्रांतून ओढून तार काढीत. ती चपटी करून रेशमी धाग्यावर गुंडाळली की कलाबतू तयार होई. यात भेसळ सहज शक्य होती. म्हणून धातूची पारख सरकारी टाकसाळीत होत असे. या कसोटीमुळेच बऱ्हाणपुरी कलाबतूचे नाव दूरच्या बाजारातही टिकले. 1760 मध्ये उदगीरच्या लढाईनंतर शहर पेशव्यांकडे आणि पुढे शिंद्यांकडे आले. राज्ये बदलली, पण शेल्यापागोट्यांचे जरीकाठ विणले जात राहिले.

1860 मध्ये शहर इंग्रजांकडे गेले आणि त्याच दशकात लोहमार्ग आला. 1870 मध्ये मुंबई–जबलपूर मार्ग पूर्ण झाला. स्थानक मात्र शहराबाहेर, लालबागेत झाले. निमाड-खानदेशचा कापूस गाठी बांधून मुंबईस जाऊ लागला आणि विलायती कापड त्याच वाटेने येऊ लागले. इंदूरकडचा फाटा खंडव्याहून निघाला. व्यापार व कचेऱ्या तिकडे वळल्या. हातमागावर पोट असलेल्या घरांना या बदलाची झळ बसली.

तरीही लोहमार्गाला केवळ दोष देणे अन्यायाचे होईल. 1906 मध्ये त्याच लालबागेत ताप्ती मिल उभी राहिली आणि इथला कापूस इथेच कातला जाऊ लागला. पुढे घरोघरी यंत्रमाग आले. विणकामाची परंपरा होती म्हणूनच ते येथे रुजले. 1974 मध्ये मिलचे राष्ट्रीयीकरण झाले. 2020 च्या टाळेबंदीत तिची चाके थांबली.

आता इंदूर–इच्छापूर रस्त्याचे चौपदरीकरण हाती घेतले आहे. 2022 मध्ये 'हर घर जल' प्रमाणपत्र मिळविणारा बऱ्हाणपूर हा देशातील पहिला जिल्हा ठरला आणि 2024 मध्ये कुंडी भंडारा युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत आला. या साऱ्याचा अभिमान अवश्य बाळगावा. तथापि त्या बोगद्यांत क्षारांचे थर साचत आहेत आणि उतारावरील भूजल कूपनलिका उपसत आहेत. नव्या रस्त्याने येथून नुसती केळी व कापसाच्या गाठी जाणार, की त्यांपासून येथेच घडविलेला माल जाणार, हे रस्ता ठरविणार नाही. पाणी राखणे आणि मालाचा कस राखणे, ही दोन जुनी कामे पुन्हा कोणी अंगावर घेतो की नाही, यावर ते ठरेल. येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घराण्यांनी या दोन्ही कामांत हात घातला पाहिजे.