आठ वर्षांत विंग कमांडर: बढतीच्या तारखा कशा वाचायच्या?

लोणावळ्यात राहत असाल तर आयएनएस शिवाजी तुम्हाला माहीत असणारच. नौदलाला तांत्रिक शिक्षण देणारी ही संस्था १५ फेब्रुवारी १९४५ ला सुरू झाली. समुद्र घाटाखाली, मग नौदल मावळात कसं? निदान अर्धं उत्तर तारखेतच आहे. महायुद्ध चालू होतं, शिकलेली माणसं हवी होती आणि लवकर हवी होती.

हाच धागा घेऊन हृषीकेश मुळगावकर यांच्याकडे येऊ. जन्म मुंबईचा, १४ ऑगस्ट १९२०. १९७६ मध्ये ते हवाईदल प्रमुख झाले, एअर चीफ मार्शल. म्हणजे लष्करातल्या जनरलच्या बरोबरीचं पद. चरित्र लिहिताना आपण या टोकावरून मागे बघतो आणि फसतो. विशीतल्या वैमानिकातही मग आपल्याला भावी प्रमुख दिसायला लागतो.

त्यापेक्षा तारखा क्रमाने मांडा. नोव्हेंबर १९४० मध्ये कमिशन, पद पायलट ऑफिसर. पुढे ब्रह्मदेशची आघाडी. १९४७-४८ च्या काश्मीर मोहिमेत ते विंग कमांडर होते आणि त्या कामगिरीसाठी त्यांना महावीर चक्र मिळालं. म्हणजे जेमतेम आठ वर्षांत चार पायऱ्या!

हे झालं कसं? १९३९ मध्ये भारतीय हवाईदलात एकच स्क्वाड्रन होती, युद्ध संपेपर्यंत नऊ झाल्या. प्रत्येकीला अधिकारी लागणार. त्यात १९४७ ला ब्रिटिश अधिकारी परतू लागले, फाळणीत दलाचीही वाटणी झाली. वरच्या जागा रिकाम्या होत गेल्या.

मग कर्तृत्व काहीच नाही का? तसं नव्हे. रिकाम्या जागेमुळे बढती मिळते, महावीर चक्र मिळत नाही. म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवा: जागा का निर्माण झाली? आणि त्या जागेवर माणसाने काय केलं? पहिल्यासाठी संस्थेचे कागद बघा, दुसऱ्यासाठी व्यक्तीचे. आणि एक करा: त्याच सुमारास भरती झालेल्या इतरांच्या तारखा शेजारी लावा. सगळेच भराभर चढले असतील, तर तो वेग काळाचा. एकटाच पुढे गेला असेल, तर त्या माणसाबद्दल बोलायला तुमच्याकडे आधार आहे.

तुमचा विषय सैन्य नसेल, सहकारी बँक किंवा शाळा असेल, तरी ‘लहानपणापासूनच नेतृत्वगुण होते’ असं वाक्य हातून उतरलं की थांबा आणि आधी तारखा लावून बघा.