मसूर ते महाड : तहानेचा हिशेब



महाडचा लढा पाण्याचा नव्हता, समतेचा होता, हे आपल्या प्रत्येक शिबिरात ऐकू येतं. खरंच आहे ते. २५ डिसेंबर १९२७ च्या भाषणात खुद्द बाबासाहेबांनीच सांगितलं, की चवदार तळ्याचं पाणी पिऊन आपण काही अमर होणार नाही, आजवर त्यावाचून जगलोच आहोत, तिथं जायचं ते माणूसपण सिद्ध करायला. पण आपले पोरगे हे अर्धंच पाठ करतात आणि मग पाणी बाजूलाच राहतं. जणू तहान ही नुसती भाषणातली गोष्ट. मला वाटतं, हे बोलणाऱ्या माणसाला तहान म्हंजे काय हे दहाव्या वर्षीच कळलं होतं, आणि तिथूनच हा हिशेब मांडला पाहिजे.

साल १९०१. रामजी सुभेदार सातारा जिल्ह्यात गोरेगावला खजिनदार होते. कामाचं ठिकाण कुठलं? दुष्काळात माणसं मरत होती म्हणून सरकारनं काढलेलं तलाव खोदायचं काम. भीम, थोरला भाऊ आणि घरातली पोरं साताऱ्याहून निघाली, मसूर स्टेशनावर उतरली. न्यायला कुणी आलं नव्हतं. जात कळली तसा स्टेशनमास्तर मागं सरला. दुप्पट भाडं कबूल केल्यावर एक गाडी मिळाली, ती पोरांनीच हाकायची, गाडीवान बाजूनं चालणार. जवळ डबा होता, पाणी नव्हतं. वाटेत ओढ्याला जे साचलं होतं त्यात गुरांचं शेणमूत, वास सहन होईना. रात्री टोलनाक्यावर पोरांनी मुसलमान आहोत असंही सांगून पाहिलं. तरी पाणी नाही. भरलेला डबा तसाच, पोरं उपाशी झोपली. बाबासाहेबांनी हे स्वतः इंग्रजीत लिहून ठेवलंय, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या टिपणात.

बाप तलावाच्या पैशाचा हिशेब ठेवतोय आणि पोरांना वाटेत घोटभर पाणी नाही! यावर मी वेगळं काय लिहू?

अन्न असून ती पोरं जेवली का नाहीत, हे शरीराच्या बाजूनं बघा. अंगातलं पाणी उतरलं की लाळ आटते, तोंडात घास फिरत राहतो, खाली उतरत नाही. माणसाच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग पाणीच असतो. पन्नास किलोच्या बाईच्या अंगातून एक लिटर गेलं म्हणजे वजनाच्या २ टक्के गेलं. तेवढ्यानंच डोकं दुखतं, लक्ष लागत नाही, हातापायातला जोर कमी होतो. भर उन्हात खडी फोडताना एवढा घाम तासाभरातही जाऊ शकतो. पुढं रक्तातलं पाणी कमी होतं, काळीज धडधडतं, लघवी गर्द पिवळी होते, मग थांबते. डोळे खोल जातात, कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच बसत नाही. १० टक्क्यांच्या आसपास गेलं की जीवाशीच गाठ. पोरं आणि म्हातारी माणसं सगळ्यात आधी जातात.

आता हे शरीर गावच्या पाणवठ्यावर नेऊन उभं करा. घागर खाली ठेवायची, लांब उभं राहायचं, कुणाला दया आली तर वरून ओततील. नाही आली तर ऊन चढेपर्यंत तिथंच. नाहीतर नदीच्या वाळूत झिरा उकरायचा, नाहीतर गुरांचं पाणी प्यायचं. ज्याच्याकडून उन्हातलं काम जास्त त्यालाच पाणी कमी, आणि मिळेल ते घाण. ही गावाची व्यवस्था होती. आळशी, मंद, कामचुकार अशी जी विशेषणं आपल्या बापजाद्यांना लावली गेली, त्यातली किती तहानेची लक्षणं होती ते कुणी मोजलं नाही.

घाण पाण्यानं पटकी यायची. पटकी मारते ती अंगातलं पाणी आणि मीठ काढून घेऊनच. जोराची पटकी झालेल्याचं तासाला लिटरभर पाणी जातं, धडधाकट गडी दिवसभरात संपतो. गावानं तिला मरीआई म्हटलं आणि तिचा गाडा शिवेपार न्यायचं काम आमच्याच माथी मारलं. गोऱ्या डाक्तरांचंही शहाणपण फार पुढं होतं असं नाही. १८३२ साली थॉमस लाटा नावाच्या स्कॉटिश डॉक्टरनं मिठाचं पाणी शिरेतून देऊन मरणारी माणसं उठवून बसवली होती, आणि वैद्यकानं ते कित्येक दशकं बाजूला टाकलं.

महाडकडे येऊ. सी. के. बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ चा, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा. महाड नगरपालिकेनं १९२४ साली तळं खुलं केलं, कागदावर. मार्च १९२७ ची परिषद भरली तेव्हा तळं गावातच होतं, तरी हजारो माणसांसाठी चाळीस रुपयांचं पाणी सवर्णांकडून विकत घ्यावं लागलं. हे चाळीस रुपये आपण भाषणात का सांगत नाही? २० मार्चला लोक तळ्यावर गेले, ओंजळीनं पाणी प्याले. मंदिरात शिरणार अशी आवई उठली, मग लाठ्या. नंतर शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या १०८ घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ केलं. शेणमुतानं पाणी शुद्ध होतं आणि आमच्या ओंजळीनं बाटतं, हे शास्त्र! ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूनं लागला तो १७ मार्च १९३७ ला. म्हंजे दहा वर्षं.

पुढं संविधानाच्या कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, घाट ही नावं घेऊन लिहिली गेली. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानं आपलं पाणी घाण करणं हा गुन्हा ठरवला. पाणवठ्यावर असा प्रकार घडला तर नुसत्या भांडणाची नोंद करून परतू नका, हे कलम लावायला सांगा.

आणि एक गोष्ट झोळीत ठेवा. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं, तेव्हा दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याच्या सोड्याचं पाणी पिंपात कालवून नातेवाइकांच्या हातूनच पाजलं. मरणाचं प्रमाण तीस टक्क्यांजवळून चारच्या खाली आलं. साखरेच्या जोडीनं आतडं मीठ आणि पाणी ओढून घेतं, एवढंच त्यातलं मर्म. हगवण लागलेल्याला पाणी देऊ नये ही समजूत वस्तीत कानावर आली तर तिथंच मोडा.

दवाखान्यातली पुडी मिळाली तर तीच वापरा, तिच्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. नसेल तर उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त पडलं तर पोराला अपाय होतो, म्हणून चव आधी स्वतः घ्या. अंगावर पिणाऱ्या पोराचं दूध बंद करू नका. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि चमच्याचमच्यानं परत सुरू करा. पोर गळून पडलं, पाणीच घेईना, की मात्र वाट न बघता दवाखाना गाठा.